मशीन एक नंबर हाय

लोक माझे व्हिडिओ माझ्या बोलण्याला हसायला पाहतात, हे मला फार उशिरा कळलं. नांदुऱ्यात घरी बसून मी फोन आणि लॅपटॉप तपासतो, त्यात चांगलं काय, वाईट काय ते कॅमेऱ्यासमोर सांगतो. सहा वर्षं हेच चाललंय. माझा आपला समज, की माणसं माझं मोजमाप पाहायला येतात. डोंबलाचं मोजमाप! खाली काय लिहिलेलं असतं ते वाचा: ‘भाऊ, ते “काऊन बे” पुन्हा म्हणा ना.’ ‘हसून हसून पोट दुखलं.’ मी बॅटरी किती तास चालते ते सांगतोय आणि तिकडं पुण्यात कोणाचं तरी पोट दुखतंय.

मागच्या मे महिन्यात एका कंपनीतून फोन आला. “सर, आमचा नवा गेमिंग लॅपटॉप तुम्ही तपासून द्याल का?” त्या ‘सर’वरच मी अर्धा विरघळलो. तोवर मला असं मशीन कोणी पाठवलं नव्हतं. मी तपासायचो ते ओळखीच्या दुकानातून दोन तासांसाठी मागून आणलेलं, ओरखडा पडू नये म्हणून जीव मुठीत धरून.

नेमकं त्याच वेळी माझ्या भाचीलाही असाच लॅपटॉप घ्यायचा होता. ती वडनेर भोलजीला राहते. घरची भाजीपाल्याची शेती, वांगी आणि मिरची. पोरीला गेम खेळायचे नव्हते. ती न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करते, अशी की माणूस पडद्यावरच दारातून आत शिरतो आणि स्वयंपाकघरापर्यंत फिरून येतो. अकोल्याच्या एका आर्किटेक्टनं तिला पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं, अख्ख्या कॉलनीचं. असल्या कामाला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते त्यातल्या त्यात परवडतं ते गेमिंग लॅपटॉपमध्येच.

घरात तिच्या लग्नाचं घाटत होतं. तिनं बापाकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात काम जमलं तर लग्न तिच्या मनानं, नाही तर घरचे आणतील त्या पाहुण्यांसमोर बसायचं. आमच्या दाजींनी तसा शब्द दिला होता.

“मामा, कोनता घेऊ?” तिनं मला विचारलं.

“थांब जराशी. मी एक तपासून राह्यलो. माहा व्हिडिओ येऊ दे, मंग घे.”

“तुम्ही म्हनसान तोच घेऊ,” ती म्हणाली.

माझी तपासायची जागा म्हणजे माडीवरची पत्र्याची खोली. दुपारचे दोन, भिंतीवरच्या थर्मामीटरवर एक्केचाळीस, आणि हे सावलीतलं. मी एक जड गेम लावला. पहिली दहा मिनिटं काय सांगू! सेकंदाला शंभराच्या वर चित्रं, सगळं लोण्यासारखं सरकत होतं. मग आतले पंखे बोंबलायला लागले. कीबोर्डला बोट लावलं तर चटका बसला. विसाव्या मिनिटाला ती शंभर चित्रं चाळिसावर आली. मशीन तापलं की जळू नये म्हणून स्वतःच दम खातं, त्यात त्याचा दोष नाही. पण ज्या जोरासाठी माणूस एवढं महागाचं मशीन घेतो, तो जोर आमच्याकडे भर दुपारी गायब होत होता. मी तीन दिवस तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा तेच झालं.

मी कंपनीतल्या मॅडमना तसं कळवलं. बाई बोलायला फार गोड.

“सर, ही चाचणी पंचवीस अंशाला करायची असते. तुमच्या खोलीचं तापमान स्टँडर्ड नाहीये.”

“मॅडम, आमच्या जिल्ह्याचंच नाही. आता जिल्हा कुठं उचलून नेऊ?”

त्या खळखळून हसल्या. “हेच! आम्हाला हेच हवंय, सर. अजून थोडं गावरान करा ना. आणि मशीन परत पाठवू नका हं, ते तुमच्याकडेच राहू द्या.”

म्हणजे आमचं ऊन त्यांना चालत नव्हतं, भाषा मात्र पाहिजे होती. याची चीड मला तेव्हाच यायला पाहिजे होती. नाही आली. कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती, मला सरळ नाही म्हणता आलं असतं. पण त्या मशीनचं झाकण उघडलं की कळांखाली लाल उजेड फाकायचा आणि माझं मन त्यावर बसलं होतं. लोभ सुटला, दुसरं काय.

मी मशीन खाली आणलं, कूलरच्या पुढ्यात टेबल मांडलं आणि टाकी काठोकाठ भरून कूलर पूर्ण सोडला. बायको नुकती आडवी झाली होती.

“अहो, मानसं इथं घामानं भिजून राह्यले अन् तुम्ही त्या डब्ब्याले हवा घालून राह्यले? त्याले ऊन लागलं का?”

“गप बस वं, रेकॉर्डिंग चालू हाय,” मी म्हटलं.

थर्मामीटर अठ्ठावीसवर उतरला. मशीन गुणी पोरासारखं चालायला लागलं, तासभर जरासुद्धा अडखळलं नाही. मी दिलेला एकही आकडा खोटा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त तो कुठं मोजला ते सांगितलं नाही. कूलरची घरघर मागाहून कापून टाकली. आणि शेवटी कॅमेऱ्यात पाहून म्हटलं, “काऊन बे, पाहून काय राह्यला? मशीन एक नंबर हाय. डोळे झाकून घे!”

तेवढंच वाक्य कापून लोकांनी गावोगाव फिरवलं. मॅडमचा अभिनंदनाचा फोन आला. आठवड्याच्या आत भाचीचाही आला.

“मामा, घेतला! बाबाले तुमचा व्हिडिओ दाखवला. ते लय हासले, मंग म्हने, घे.”

दुपारी त्यावर जड काम लावू नको, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “पेढे कधी?”

तिची खोलीही पत्र्याचीच. कूलर त्यांच्याकडेही आहे, पण तो दिवसभरात आठ-दहा बादल्या पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते पाणी तिची आई हंड्यानं वाहते. मशीनसाठी आईच्या डोक्यावरचं पाणी मागायची पोरीला लाज वाटली. ती पहाटे उठून कामाला बसायची आणि ऊन चढलं की अडकायची. सकाळी वीस मिनिटांत होणाऱ्या चित्राला दुपारी तास लागायचा, मध्येच मशीन बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. ठरलेल्या दोन तारखा चुकल्या. आर्किटेक्टनं उरलेली कॉलनी दुसऱ्याला देऊन टाकली.

हे मला भाचीनं सांगितलं नाही. बहिणीनं फोनवर जाता जाता सांगितलं. “तिचं ते कामाचं काही जमलं नाही. यायनं लग्नासाठी एक जागा पाह्यली. रविवारी पाहुने येऊन राह्यले, तू ये. अशा वक्ती मामा लागते.”

“अवं, पन वर्ष कुठं झालं?”

“काम गेलं, आता वर्ष कशाले पाह्यजे?” ती म्हणाली.

व्हिडिओ माझा होता, एक बटण दाबून तो काढता आला असता. मी काढला नाही. तो अजून आहे आणि लोक अजून हसतात.

रविवारी मी वडनेरला गेलो. पाहुण्यांसाठी बैठकीतला कूलर भरला होता, दाजींनी स्वतः बादल्या ओतल्या होत्या. भाची आतल्या खोलीत साडी नेसून उभी होती, पत्रा तापलेला, कपाळावर घाम. लॅपटॉप कपाटावर ठेवला होता, वर टॉवेल टाकलेला. येताना बसमध्ये मी काय काय ठरवलं होतं. माझ्याकडचा तुला देतो म्हणणार होतो, पण माझ्याकडचा तरी कोणता वेगळा! तोच, त्याच रंगाचा. शेवटी जे खरं होतं तेवढंच तोंडातून निघालं.

“बाई, मी तो कूलरसमोर ठेवून तपासला होता.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पदराला पिन लावत राहिली. “मले मालूम हाय, मामा.”

“कसं काय?”

“परवा पुन्हा पाह्यला व्हिडिओ. तुमचे केस उडून राह्यले होते.” पिन नीट बसली का ते तिनं हातानं चाचपलं. “पयल्यांदा पाह्यला तवा मी निसतं तुमचं बोलनं ऐकलं.”