सेट आणि एक्स्पोर्ट

मुलगी शाळेत रुळल्यावर मी पुन्हा नोकरी धरली. मधली बरीच वर्षं घरात गेली होती. खडकीहून कंपनीच्या बसने हिंजवडीला पोचेपर्यंत मी जुन्या वह्या चाळत बसायचे.

पहिल्याच आठवड्यात हातात लिनक्सचा लॅपटॉप आला. मी आधी काम केलेलं सगळं विंडोजवर. आमचा प्रोग्राम सुरू करण्याआधी डेटाबेसचा पत्ता एका ठरावीक नावाखाली ठेवावा लागे, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत मी जुन्या सवयीने ‘set’ लिहिलं, पुढे नाव आणि पत्ता. एंटर. काहीच तक्रार नाही. पण प्रोग्राम म्हणे, पत्ता सापडत नाही. दुपारपर्यंत मी तेच करत राहिले. शेवटी डोळे भरून आले.

शेजारच्या टेबलावर टीममधल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई बसत. बोलणं तुटक, त्यामुळे सगळेच त्यांना जरा बिचकून असत. त्या खुर्ची सरकवत आल्या.

“अहो, किती वेळ त्याच्याशी भांडताय?”

“सेट चालत नाहीये.”

“चालतंय की. पण ही खिडकी लिनक्सच्या बॅश शेलची आहे, विंडोजची नाही; इथे सेटचा अर्थ वेगळा. एक्स्पोर्ट लिहा. आणि बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नका.”

प्रोग्राम सुरू झाला! चहा पिऊन आले, नवी खिडकी उघडली, तर पत्ता पुन्हा गायब.

“त्या एका खिडकीपुरतंच सांगितलं होतंत,” बाई म्हणाल्या. “कायमचं हवं तर bashrc फाइलमध्ये लिहा. नवी खिडकी उघडली की ती आधी वाचली जाते.”

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, “अजून सेटअपच चाललंय?” मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “आपल्या सूचना फक्त विंडोजच्या आहेत आणि यांना दिलाय लिनक्स. ते यांच्यामुळे कळलं. उद्या आम्ही दोघी त्या नीट लिहितोय.”

दुसऱ्या दिवशी खरंच बसलो. बॅशचं झालं, मग विंडोजमधलं पॉवरशेल आलं; जुन्या सूचनांत तेही नव्हतं. तिथे नावाआधी ‘$env:’ लागतं. बाईंनी ते शोधून पाहिलं.

“तुम्हालाही बघावं लागतं?” मी विचारलं.

“दर वेळी. घरी बसल्यामुळे विसरलात असं काही नाही, सगळेच विसरतात.”

त्या वाक्याने मला किती बळ दिलं, ते त्यांना ठाऊकही नसेल. पुढे त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या. परवा फोनवर मी म्हटलं, “तुमच्यामुळे टिकले मी.”

“तुम्ही तुमच्यामुळे टिकलात,” त्या म्हणाल्या. “मी फक्त खुर्ची सरकवली.”

असेल. पण त्या खोलीत बाकी कुणी सरकवली नव्हती.