पैसे भरायची रांग

आमची बँक गिरणीच्या फाटकावर, पत्र्याच्या एका डब्यात सुरू झाली. हे ऐकलेलं सांगतो, कारण तेव्हा मी आनेकलला आत्याकडे राहून शाळेत जात होतो. बेंगळूरच्या कापडगिरणीत संप होणार हे आधीपासून दिसत होतं, म्हणून पगाराच्या दिवशी युनियनची माणसं डबा घेऊन फाटकाशी उभी राहत आणि कामगार त्यात जमेल ते टाकत. पुढे संप झाला, तीन महिने चालला आणि मिटला. डब्यात थोडे पैसे उरले. ते वाटून घ्यायचे की ठेवायचे यावर सभेत बरीच भांडणं झाली आणि ठेवायचे ठरले. त्यातून आधी पतपेढी झाली आणि मग बँक.

बँकेची रीत गिरणीची होती. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की काउंटर उघडायचा. नवीन खातेदाराला जुन्याची ओळख लागायची, आणि ओळख देणाऱ्याने सही केली म्हणजे त्या माणसाची जबाबदारी घेतली असं सगळे समजत. माझे अप्पा विणकाम खात्यात होते, चौथीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण अप्पा सही कन्नडमध्ये करायचे. ओळखीच्या रकान्यात ती सही इतक्या अर्जांवर होती की युनियनमधले त्यांना चिडवत, "अण्णा, छापूनच घे की!"

माझ्या कॉलेजच्या फिया याच बँकेने कर्जाऊ दिल्या. तारण काय, या रकान्यात अप्पांनी 'मुलगा शिकतो आहे' असं लिहवून घेतलं होतं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि पदवी मिळाल्यावर त्याच बँकेत कारकून झालो. पहिल्या दिवशी अप्पा धुतलेला शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एक रुपया भरला. पावती त्यांनी दोनदा वाचली. त्या बँकेचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी आजही नाकारत नाही. पुढचं लिहिताना हे आधी सांगायला हवं.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला लहान बँका एकामागून एक बंद पडू लागल्या. आमचे मॅनेजर पूर्वी युनियनचे चिटणीस होते. माझं इंग्रजी अक्षर चांगलं, म्हणून एका शुक्रवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि एका मोठ्या बँकेला लिहिलेलं पत्र स्वच्छ उतरवायला दिलं. आमच्याकडे आठवडाभर पुरेल एवढीही रोकड नाही, आम्हाला तुमच्यात सामावून घ्या, असा त्याचा मतलब. पत्राची घडी घालताना ते म्हणाले, "हे इथंच राहू दे. अप्पांनासुद्धा नाही." नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर मी सही केली होती. मी कन्नडमध्ये "सरी, सर" म्हणालो, म्हणजे ठीक आहे.

पण बातमी फुटली. कोणी फोडली ते कधी कळलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत गिरणीत सगळीकडे कुजबुज होती की बँक बुडतेय. दुसऱ्या कुठल्या बँकेत अशा वेळी लोक पैसे काढायला धावले असते. आमच्या लोकांना धाकच वेगळा होता. पाळी सुटताना अप्पा फाटकापाशी स्टुलावर चढले आणि ओरडले, "आज पैसे काढेल तो संपात फाटक ओलांडणारा! मालकांना हेच हवंय. आज काढायचे नाहीत, भरायचे!"

आणि लोक भरायला आले. बँकेच्या दारापासून कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत रांग होती. कुणाकडे पाच रुपये, कुणाकडे दोन. काउंटरपलीकडे चेष्टामस्करी चालली होती. अप्पांच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, मला म्हणाला, "बाप आमच्या खिशात हात घालतो आणि लेक गल्ल्यात टाकतो. बरा धंदा आहे रे तुमचा!" सगळे हसले. मी शिक्के मारत होतो.

मग अप्पा निळ्या मामांना घेऊन आले. मामा अप्पांचे गाववाले, रंगखात्यात नीळ ढवळण्यात जन्म गेलेला. हात कोपरापर्यंत निळे, म्हणून लहानपणापासून आम्ही त्यांना निळे मामाच म्हणत आलो. त्याच आठवड्यात ते निवृत्त झाले होते. गिरणीच्या चाळीतली खोली महिनाअखेर सोडायची होती. आनेकलला दोन खोल्यांचं घर ठरलं होतं आणि गुरुवारी सगळी रक्कम द्यायची होती. ती सगळी रक्कम कापडी पिशवीत त्यांच्या हातात होती.

"मामा, गुरुवारी लागणारच आहेत ना? मग चार दिवसांसाठी कशाला भरता?" मी म्हणालो. "घरीच ठेवा."

"घरी कशाला?" अप्पा म्हणाले. "बँक इथं आहे."

"गर्दी आहे, अप्पा. स्वल्प थांबले तर..."

"गर्दी आहे म्हणून तर आज. याने किती भरले ते सगळ्यांना दिसू दे."

मामांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "भर रे बाळा. तुझ्या बापाच्या शब्दावर तीन महिने उपाशी राहिलो, चार दिवसांचं काय घेऊन बसलास!"

मी अप्पांकडे बघितलं. मामांच्या कानाशी वाकून एक वाक्य बोलता आलं असतं. पाठीमागे मॅनेजरांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी नोटा मोजल्या, पावती लिहिली आणि शिक्का मारला.

सोमवारी दारावर सरकारी आदेशाचा कागद लागला. व्यवहार स्थगित. एका खात्यातून जी लहानशी रक्कम काढायची मुभा होती, तिच्यात मामांचं घरसामानही हलवता आलं नसतं. लोक बँकेपुढे थोडा वेळ थांबले आणि मग आमच्या घरी आले, कारण अर्जावर सही अप्पांची होती. कुणी हात उगारला नाही. ते ओसरीवर बसून राहिले. एक म्हातारी सारखं विचारत होती, "अण्णा, कधी देतील?" अप्पा प्रत्येकाला सांगत होते, "देतील."

गुरुवार गेला आणि घर दुसऱ्याला गेलं. महिनाअखेर अप्पांनी मामा-मामींना आमच्या भाड्याच्या एका खोलीत आणलं. माझी आई तेव्हा आनेकलला आत्याकडे राहत होती, त्यामुळे बापलेक आम्ही ओसरीवर आलो. मामी दोन्ही घरांचा स्वयंपाक करी आणि मला ऑफिसला जायचं म्हणून ताटात एक भाकरी जास्त वाढी. ती मला गिळवत नसे, आणि टाकताही येत नसे. मामा दिवसभर खोकत बसत. संध्याकाळी मी आलो की त्यांचा एकच प्रश्न असे, "काही कळलं का रे?" त्यात तक्रार नसायची, म्हणून जास्त जड जाई.

एका सकाळी अप्पा ओसरीवर दाढी करत होते तेव्हा मी सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, अप्पा."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून."

"म्हणजे त्याने भरले त्याच्या आधी."

"हो. मामांना सांगू?"

त्यांनी आत बघितलं. मामी चूल फुंकत होती. "आपल्या घरात जेवतोय तो," अप्पा म्हणाले. "जेवू दे." अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि पाळीला गेले.

अडीच वर्षांनी आमची बँक त्या मोठ्या बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, जुन्या पासबुकांवर नव्या नावाचे शिक्के बसले. मी त्याच काउंटरवर, नव्या बँकेचा नोकर. पैसे खात्यांत परत जमा झाले त्या दिवशी पुन्हा रांग लागली. मामांच्या पाठीमागे अप्पा उभे होते. मामा वाकले होते, हातांवरची नीळ फिकट झाली होती. त्या पैशांत आनेकलला आता एक खोली आली असती तर आली असती.

त्यांनी पासबुक माझ्यापुढे सरकवलं. "तू शिकलेला आहेस. सांग, ठेवू की काढू?"

"काढा, मामा. सगळे काढा."

"आणि बँक?"

मी पैसे काढायची स्लिप भरली, त्यांचा अंगठा घेतला आणि नोटा दिल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, तशाच पिशवीत घातल्या.

पुढे अप्पा होते. त्यांचं पासबुक हातात उघडंच होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मिटलं, खिशात घातलं आणि रांगेतून बाहेर पडले. ते खातं त्यांनी कधीच बंद केलं नाही, त्यातून पैसेही काढले नाहीत. पासबुक माझ्याकडे आहे. शेवटच्या नोंदी पैसे भरण्याच्या आहेत, त्यांपुढची सही माझी.