न नेमलेले दोन मॅनेजर

शनिवारी सकाळी दहा वाजता न्यूझीलंडमधल्या अल्बनीच्या मैदानावर दोन मॅनेजर हजर होते. आम्ही एकच नेमला होता, आणि तो या दोघांपैकी नव्हता.

मी पार्किंगमध्ये क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. त्यावर कोरा कागद होता. हातात काहीतरी असलं की लोक माझ्याशी कमी बोलतात, म्हणून मी तो सगळीकडे नेते.

माझी बॉस ट्रिश गाडीतून उतरली, मैदानाकडे बघितलं आणि गॉगल कपाळावर सरकवला.

"अनुजा, ते दोघं इथे काय करतायत?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरं तर मला हळूहळू कळायला लागलं होतं.

मी एका रिक्रूटमेंट एजन्सीत काम करते. कंपनीला माणूस हवा असतो, आम्ही शोधून देतो. आमच्याकडे एरवी अकाउंटंट आणि दुधाच्या कारखान्यांचे इंजिनियर असतात. बेसबॉल क्लब पहिल्यांदाच आला होता. प्रोफेशनल टीम, म्हणजे खेळाडूंना पगार. त्यांचा मॅनेजर सीझनच्या तोंडावर सोडून गेला होता आणि त्यांना नवा हवा होता.

क्रिकेटच्या टीमचा मॅनेजर म्हटलं की मला किटबॅगा आणि विमानाची तिकिटं सांभाळणारे कुणीतरी काका डोळ्यांसमोर येतात. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथे मॅनेजर म्हणजे मुख्य कोच. कोण खेळणार, कोण बसणार, कोणी कधी पळायचं हे तो ठरवतो. शिवाय साठीचा असला तरी खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून उभा राहतो. हे मला गूगलवरून कळलं. क्लबच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी विचारलं नव्हतं. मी मीटिंगमध्ये विचारत नाही.

हाच माझा प्रॉब्लेम होता. इथे नव्या नोकरीत पहिले नव्वद दिवस ट्रायल असू शकते. माझी होती. तेवढ्यात पसंत पडलो नाही तर नोकरी जाते. पंचेचाळिसाव्या दिवशी ट्रिश म्हणाली होती, "तू लव्हली आहेस. कामही सुंदर. पण क्लायंटला तुझा आवाज ऐकू यायला हवा." त्यानंतर मी रोज एक वाक्य जास्त बोलायचं ठरवलं. ते बहुतेक वेळा "प्रिंटरमधला कागद संपलाय" हे असायचं. त्या शनिवारी माझा त्र्याऐंशीवा दिवस होता.

इंटरव्ह्यूला तिघं आले होते. मी कोपऱ्यात बसून नोट्स घेतल्या.

पहिला गॅरी, हॅमिल्टनचा. तीस वर्षं सॉफ्टबॉल शिकवलेला, मोठा आवाज, मोठं पोट. प्रत्येक उत्तराच्या शेवटी टेबलावर थाप. दुसरे मोरी-सान, मूळचे जपानचे, आता क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये राहणारे. तरुणपणी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, होते. त्यांनी टीममधल्या प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड बनवून आणलं होतं, त्याच्या सवयींसकट. तिसरा डेल, अमेरिकन, बायको तौरांगाची. कमी बोलला, पण जे बोलला ते सगळं मला लिहून घ्यावंसं वाटलं.

क्लबचा चेअरमन ब्रूस प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला गेला आणि तिघांनाही एकच म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, मेट. जाम आवडलं." इथे कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. पुण्यात आमच्याकडे निदान "बघू" म्हणतात, त्यावरून अंदाज येतो. इथे "स्वीट अ‍ॅज"वरून, म्हणजे "झकास"वरून, काहीच अंदाज येत नाही.

निवड डेलची झाली, एकमताने. उरलेल्या दोघांना पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या शाळेत फॉर्मल लेटर दहा मार्कांना होतं आणि मला कायम नऊ पडायचे. मी दोन वाक्यं लिहिली. कळवण्यास खेद होतो की आपली निवड झालेली नाही. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार.

ट्रिशने वाचलं. "खेद? कोणी वारलंय का? जरा वॉर्म कर."

मी वॉर्म केलं. तुमच्या अनुभवाने आम्ही भारावून गेलो, पण या वेळी निवड दुसऱ्याची झाली आहे. ट्रिशने त्यातला "पण"पासून पुढचा भाग काढला. म्हणाली, हे वाक्य मागच्या वाक्याचा मूड घालवतं. त्याजागी तिने टाकलं, "तुमच्यासारखा माणूस या खेळाशी जोडलेला आहे हे आमचं भाग्य."

मग पत्र ब्रूसकडे गेलं. त्याला ते अजून थंड वाटलं. त्याने शेवटी स्वतःची एक ओळ जोडली: "शनिवारी पहिली प्रॅक्टिस मॅच आणि स्पॉन्सर्सचा बार्बेक्यू आहे, दहा वाजता. नक्की या, सगळ्यांना भेटा!"

पाठवण्याआधी मी ते पत्र पुन्हा वाचलं. त्यात "नाही" कुठेच राहिलं नव्हतं. हे मला तेव्हाच दिसलं होतं, हे इथे कबूल करते. पण दोन मोठ्या माणसांनी बघितलेलं पत्र होतं. मी सेंड दाबलं आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला गेले.

डेलचं पत्र माझ्याकडे नव्हतंच. नेमणुकीचं पत्र क्लबच्या वकिलाने लिहिलं होतं. ते चार पानी होतं.

तर शनिवार. गॅरी संपूर्ण युनिफॉर्ममध्ये आला होता. पाठीवर स्वतःचं नाव छापून घेतलं होतं. बरोबर बायको, आणि बायकोच्या हातात परातीएवढा पॅव्हलोव्हा, म्हणजे इथला अंड्याच्या पांढऱ्याचा, वर क्रीम आणि किवी लावलेला केक. सगळे त्याला पॅव म्हणतात. मोरी-सान एकटेच होते. त्यांची विजार इस्त्रीची होती आणि सगळ्या खेळाडूंची नावं पाठ होती. आदल्या दिवशीच विमानाने आले होते.

गॅरीने मला हाक मारली. "तो जपानी माणूस एकदम चांगला आहे हां. असिस्टंट म्हणून मला चालेल. तुम्हीच शोधला का?"

मी क्लिपबोर्डकडे बघितलं.

पाच मिनिटांनी मोरी-सान जवळ आले, किंचित वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझे असिस्टंट फार उत्साही आहेत. आवाजावर थोडं काम करावं लागेल."

तेवढ्यात मॅच सुरू झाली, आणि दोघंही मॅनेजरच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

बेसबॉलमध्ये मॅनेजर खेळाडूला ओरडून काही सांगत नाही, कारण समोरची टीम ऐकते. तो खुणा करतो. टोपी, कान, छाती, पट्टा असं कुठे कुठे हात लावायचा. कशाला हात लावला म्हणजे काय, हे फक्त आपल्या टीमला माहीत. पिचर चेंडू टाकत असताना पळत पुढच्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पुढच्या टप्प्यावर, जायचं, याला स्टील, म्हणजे बेस चोरणं, म्हणतात. त्याचीही खूण असते.

गॅरीने सकाळी टीमला सांगितलं होतं, पट्ट्याला हात म्हणजे पळ. मोरी-साननी त्यानंतर वीस मिनिटांनी, गॅरी सॉसेज बघायला गेला असताना, सांगितलं होतं की पट्ट्याला हात म्हणजे हलू नको.

पहिल्या बेसवर टामा नावाचा मुलगा होता, टीममधला सगळ्यात वेगवान. गॅरीने पट्ट्याला हात लावला. टामा निघाला. मोरी-साननी पट्ट्याला हात लावला. टामा थांबला. गॅरीने पट्टा दोन्ही हातांनी धरून हलवला. टामा पुन्हा निघाला. मोरी-साननी अतिशय शांतपणे, पण ठामपणे, पट्टा, टोपी, पट्टा. टामा मागे फिरला. मग गॅरीच्या मानेवर डास बसला. त्याने मान, कान, गाल आणि पुन्हा मान अशा चार चापट्या मारल्या. टामाने ते सगळं लक्षपूर्वक बघितलं आणि दोन बेसच्या मधोमध मातीत बसला.

समोरच्या टीमचा फील्डर चेंडू घेऊन आला. त्याने टामाला आउट केलं आणि विचारलं, "ब्रो, बरा आहेस ना?"

स्पॉन्सर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना नियम माहीत नव्हते.

ब्रूस चिमटा हातात घेऊन आमच्याकडे पळत आला. "डेल कुठाय? आणि हे दोघं कोण... म्हणजे हे दोघं का?"

ट्रिशने फोनवर पत्र उघडून वाचलं. मग ब्रूसला दिलं. त्यानेही वाचलं.

"कोणीतरी त्यांना सांगायला हवं," ब्रूस म्हणाला.

"तू चेअरमन आहेस," ट्रिश म्हणाली.

"त्यांनी पॅव आणलाय, ट्रिश! पॅव आणणाऱ्या माणसाला मी कसं सांगू?"

"मग मी बोलते. त्यांना एका बाजूला घेते, आधी थोडं त्यांच्या प्रवासाबद्दल विचारते..."

ती काय करणार ते मला दिसत होतं. ती त्यांना आणखी वॉर्म करणार होती. दुपारपर्यंत दोघांनी घरं भाड्याने घेतली असती.

"मी सांगते," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. बहुधा माझा आवाज ओळखायला वेळ लागला असावा.

मी क्लिपबोर्ड गाडीच्या टपावर ठेवला आणि निघाले. दोघं बाकावर शेजारी शेजारी बसून टामाचं काय चुकलं यावर बोलत होते. मनात एकच ठरवलं होतं, पहिलं वाक्य पूर्ण करायचं.

"तुम्हा दोघांचीही निवड झालेली नाही. मॅनेजर डेल आहे. पत्रात हे लिहायला हवं होतं, लिहिलं नव्हतं. ते पत्र मी पाठवलं. चूक माझी आहे."

गॅरीचा हात टेबलावर थाप मारायला उठला. समोर टेबल नव्हतं. तो हात त्याने मांडीवर ठेवला.

"अहो, मी अख्ख्या गल्लीला सांगितलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"सॉरी," मी म्हणाले. अजून काही जोडावंसं वाटलं. जोडलं नाही.

मोरी-साननी बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. त्यात माझं पत्र होतं, प्रिंट केलेलं. ते त्यांनी सावकाश वाचलं, मग माझ्यापुढे धरलं.

"यात 'नाही' कुठे आहे?"

"नाहीये."

त्यांनी पत्र परत फोल्डरमध्ये ठेवलं. "जपानमध्येही आम्ही अगदी असंच लिहितो," ते म्हणाले. "पण तिथे मला कळलं असतं. मला वाटलं, न्यूझीलंडमध्ये माणसं सरळ बोलतात."

यावर गॅरी इतका हसला की बायको धावत आली. तिला त्याने एका वाक्यात सांगितलं. ती हसली नाही. सरळ टेबलाकडे गेली आणि कापायच्या बेतात असलेल्या ब्रूससमोरून पॅव्हलोव्हा उचलून गाडीत ठेवला. कोणी अडवलं नाही. गाडीचं दार उघडं ठेवून तिघांनी तिथेच तो खाल्ला, ती, गॅरी आणि मोरी-सान. मला कोणी विचारलं नाही, ते बरोबरच होतं.

मग मी डेलला फोन लावला.

"तुम्ही आला नाहीत," मी म्हणाले.

"कुठे? मी कुंपण रंगवतोय."

"पत्र मिळालं ना?"

"मिळालं की. चार पानं. मॅम, मला आयुष्यात खूप ठिकाणी नाकारलंय, पण इतकं सविस्तर कोणी नाकारलं नव्हतं. पहिल्याच पानावर 'टर्मिनेशन' तीनदा आहे. पुढे वाचलंच नाही."

"तुमची निवड झाली आहे."

पलीकडे कशाचातरी डबा सांडल्याचा आवाज आला.

"पुन्हा सांगा."

"तुमची निवड झाली आहे. तुम्ही मॅनेजर आहात. आत्ता या."

दुपारी दोनला तो पोचला, कोपरापर्यंत हिरवा. टीमला म्हणाला, आज खुणा नाहीत, ज्याला पळायचंय त्याने पळावं. टामाने लागोपाठ दोन बेस चोरले.

एकोणनव्वदाव्या दिवशी, शुक्रवारी, ट्रिशने मला काचेच्या खोलीत बोलावलं. माझा प्रवास किती सुंदर झाला, टीमला माझ्यामुळे काय काय मिळालं, पुढे काहीही झालं तरी मी इथून किती नेणार आहे, असं ती बराच वेळ बोलली. मी लक्ष देऊन ऐकलं. पर्स बरोबर आणायला हवी होती का, ते कळेना.

"ट्रिश," मी म्हणाले, "हो की नाही?"

ती थांबली. "हो," ती म्हणाली. मग जरा खिडकीकडे बघत, "आधी 'नाही' असं ठरलं होतं."

"कधीपर्यंत?"

"त्या शनिवारी पावणेअकरापर्यंत."

टीम त्या सीझनला शेवटून दुसरी आली. आता मी नकाराच्या पत्रात निकाल पहिल्या वाक्यात लिहिते आणि गोड बोलायला दुसऱ्यापासून सुरुवात करते. ट्रिश दर वेळी म्हणते, अजून थोडं थंड वाटतंय. मी "बघते" म्हणते आणि तसंच पाठवते.