दिवेलागणीची पानं

...तर फागीआजी जीपमध्ये चढली आणि पळसाच्या पानांचा भारा तिनं मांडीवर घेतला, काल गोष्ट इथं थांबली होती. पोशेऱ्याहून जव्हार आणि जव्हारहून दाभोसा, म्हणजे दोन जिपा. वाटभर आजीचे हात चालूच. एक पान, त्यावर दुसरं पान, मध्ये बांबूची काडी. शेजारच्या बाईनं विचारलं, लग्न आहे का घरात? आजी म्हणाली, ठरायचंय, आणि मोडू नये म्हणून तर चाललेय.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. नवरा लवकर गेला तेव्हा फागीनं पोटासाठी मोहाची दारू गाळायला घेतली. तीस वर्षं गाळली. तिच्या हातची प्यायला माणसं तीन गावं ओलांडून येत. हे ती स्वतःच सांगते, लपवत नाही. मग एका शिमग्याला तिचाच धाकटा भाऊ तिच्याच ओट्यावर प्यायला बसला तो पुन्हा उठला नाही. आजीनं भट्टी विझवली. मडकं मात्र फोडलं नाही, चांगलं होतं. धुऊन त्यात नाचणी भरून ठेवली.

गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई उज्ज्वला तेव्हा दारू सोडू बघणाऱ्यांसाठी एकटीच धडपडत होती. सुरुवातीला डॉक्टरकडे नेणं, गोळ्या वेळेवर देणं, हे तिच्याकडे. पण गोळी दिवसा घेतात, आणि माणूस घसरतो तो दिवेलागणीला. त्या वेळेला फागीआजी त्याच्या दारात जाऊन बसू लागली. उपदेश नाही, शपथ नाही. पानं पुढं टाकायची आणि म्हणायची, लाव पत्रावळ. समोरच्याचे हात कापायचे, काडी पान फाडून बाहेर यायची. आजी ती फाटकी पत्रावळही घरी न्यायची आणि तिच्यावरच जेवायची. त्यांतल्याच लाडक्यानं लावलेल्या पहिल्या पत्रावळीतून सगळी डाळ तिच्या लुगड्यावर आली होती. ती हे अजून चारचौघांत सांगते आणि लाडक्या मान खाली घालून हसतो. अशी सात-आठ घरं तिनं बसून सावरली. नवी नाचणी निघाली की पहिलं सूपभर धान्य आजीच्या दारात येतं, कुणी ठेवलं हे ती विचारत नाही.

तर हा लाडक्या. दारू सोडून त्याला अकरा महिने झाले आणि त्याच्या हर्षालीला दाभोशाचं स्थळ आलं. पोरगा चांगला, पोरीच्या मनातला. पण ह्यांच्या जमातीतली जुनी रीत अशी, की सोयरीक पक्की करताना मुलीचा बाप पानाच्या द्रोणात मोहाची घेतो, पूर्वजांच्या नावानं चार थेंब भुईवर सोडतो, एक घोट स्वतः घेतो आणि उरलेली व्याह्याला देतो. त्याशिवाय सोयरीक बसत नाही. द्रोणही एकाच पानाचा, बुडाशी निमुळता. एकदा हातात घेतला की खाली टेकवता येत नाही.

इथंच आजी एकदा चुकली होती. मंगेश असाच चांगला सावरला होता. भाच्याच्या बारशाला त्यानं विचारलं, आजी, देवाचा घोट घेऊ का? आजी म्हणाली, घे, देवाचा घोट मोजायचा नसतो. मंगेशनं घेतला आणि पुढचे आठ महिने तो थांबला नाही. त्याला परत आणताना सगळ्यांचा घाम निघाला. आज तोच मंगेश आजीबरोबर लोकांच्या दारात बसायला जातो, पण आजी आपलं ते वाक्य विसरलेली नाही.

म्हणून ती दाभोशाला, मुलाच्या बापाला आधीच भेटायला निघाली. हा सुकऱ्या तिचं जुनं गिऱ्हाईक. अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. सगळं ऐकून म्हणाला, “तीस वरसं तूच पाजलीस, आन् आता म्हातारपणी तूच हातातनं काढून घ्यायला आलीस गं फागे?”

आजीनं ते गिळलं. मग विचारलं, पूर्वजांना थेंब कुठं लागतात, भुईवर की लाडक्याच्या घशात? सुकऱ्यानं कबूल केलं, भुईवर. पण व्याह्यानं ओठ न लावलेला द्रोण आपण घेणार नाही, लोक म्हणतील मुलीच्या बापानं आपल्याला हलकं धरलं. चहा पाजला त्यानं, शब्द काही दिला नाही.

सोयरिकीच्या दिवशी लाडक्याचं अंगण भरलं. मंगेश त्याला खेटून बसला, आजी हर्षालीशेजारी. लाडक्यानं द्रोण घेतला, चार थेंब सोडले आणि हात तिथंच राहिला. वास नाकाशी, सगळ्यांचे डोळे हातावर. आजीच्या ओठांवर शब्द आले होते, पण घर लाडक्याचं, पोर त्याची. मंगेश मात्र त्याच्या कानाशी वाकला.

“दादा, देवाचा घोट मी मोजलाय. आठ महिने भरला.”

लाडक्यानं द्रोण तिरका केला आणि सगळाच्या सगळा भुईवर ओतला.

हर्षालीनं ओढणीचं टोक दातात धरलं. सुकऱ्यानं ओल्या मातीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, पूर्वजांना एवढी कुणी कधी पाजली नव्हती, आज ते काही आपल्या पायांनी घरी जायचे नाहीत. अंगण हसलं. त्यानं नवा द्रोण मागवला, त्यात पाणी भरायला लावलं. लाडक्यानं एक घोट घेतला, उरलेलं सुकऱ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. सोयरीक बसली.

वैशाखात लग्न झालं. पंगतीच्या सगळ्या पत्रावळी लाडक्याच्या हातच्या, आणि एकीतूनही डाळ गळली नाही. पहिली मांडली ती फागीआजीपुढं. ती जेवत असताना लाडक्या समोर येऊन बसला, हात जोडले आणि म्हणाला, की आजी, तुझे उपकार माझ्या पोरीच्या पोरांकडूनही फिटायचे नाहीत. आजीनं घास संपवला, पत्रावळीचं बूड बोटानं चाचपून पाहिलं, कोरडं होतं, आणि म्हणाली,

“माझी गाळलेली तूच प्यालास ना रं? मंग कसले उपकार. ते हात सोड, कामाचे झालेत आता. परवा रामीच्या नवऱ्याचा दारू सोडल्याचा तिसरा दिस, दिवेलागणीला जायाचं हाय. पानं मी आणते, काड्या तू घे.”