झालं का गं?

धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा तिला ताई म्हणाला, आणि मग घरातले सगळेच तिला ताई म्हणू लागले, अगदी आईसुद्धा. तो शाळेत जायच्या आधीच हिवतापाने गेला. ताप डोक्यात चढला आणि डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं. ताई म्हणणारा गेला, नाव तेवढं मागे राहिलं.

पुढे ताई संशोधक झाली आणि हिवतापाच्या लशीमागे हात धुऊन लागली. संस्थेत पाठीमागे तिला 'डासवाली' म्हणत. म्हणोत बापडे! सूक्ष्मदर्शकाखाली डासाचं मुंडकं सुईने हलकेच ओढून लाळेच्या ग्रंथी अख्ख्या बाहेर काढाव्यात त्या तिनेच. त्याच ग्रंथींत हिवतापाचा जंतू दबा धरून असतो. डास चावला की तो तडक यकृतात शिरतो, तिथे आठवडाभर लपून वाढतो आणि मग रक्तात उतरून माणसाला हुडहुडी भरवतो. ताईला त्याला यकृतातच गाठायचं होतं. शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या टी पेशींना जंतूची ओळख पटवून द्यायची आणि त्यांना तिथे पहाऱ्यावर बसवायचं, अशी तिची लस होती.

हे तिने एकदा आईला फोनवर समजावलं. "यकृत म्हणजे काळीजच ना?" आई म्हणाली. "काळजात पहारेकरी बसवतेस होय? झोपू देऊ नकोस त्यांना म्हणजे मिळवली."

आई दर रविवारी फोन करायची. इकडचं तिकडचं बोलून शेवटी हमखास विचारायची, "झालं का गं?" पोटचं पोर गमावलेली बाई लशीचं विचारतेय, तिला काय सांगायचं? "अजून नाही, आई," एवढंच ती म्हणायची. आई "बरं" म्हणून फोन ठेवायची. लस उंदरांत फसली, त्या वर्षी ताई घरी गेली नाही. उंदरांत जमली आणि माकडांत अडली, त्या वर्षीही नाही. हात हलवत कशाला जायचं, 'झालं' म्हणता आलं की जाऊ, असं तिने मनाशी धरलं होतं. शिकलेली माणसं वेडेपणा करतात तोसुद्धा नेटाने करतात.

अखेर माकडांतही जमली आणि माणसांवर चाचणी झाली. निरोगी स्वयंसेवकांना लस टोचली आणि त्यांच्या रक्तात टी पेशी उदंड दिसू लागल्या. ताईने घरी जायची बॅग काढून झटकूनही ठेवली. मग स्वयंसेवकांनी जाळी लावलेल्या डब्यांवर हात ठेवले, आतले जंतू बाळगणारे डास चावले आणि रोज बोटातलं रक्त तपासणं सुरू झालं. एका सकाळी काचपट्टीवरच्या तांबड्या पेशीत तिला इवलीशी अंगठी दिसली. रक्तात उतरलेला जंतू असाच दिसतो. पाठोपाठ बहुतेकांच्या रक्तात ती दिसली. लगेच औषधं दिली, सगळे ठणठणीत बरे झाले, पण लस पडली ती पडलीच. पहारेकरी रक्तातच हिंडत राहिले असावेत, यकृतात थांबले नसावेत. धडधाकट माणसाच्या यकृतात कोण डोकावून बघणार? तिने रक्तावर भरवसा ठेवला होता.

त्या रविवारी ताईने फोन उचलला नाही. पुढच्या रविवारीही नाही. कामात आहे, असा निरोप तिने आईसोबत राहणाऱ्या मावशीला धाडला. त्यानंतर फोन आला तो मावशीचाच. आई दुपारची आडवी झाली ती उठलीच नव्हती.

ताई घरी पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मावशीने पाणी दिलं आणि ती शेजारी टेकली. ताईला राहवलं नाही.

"शेवटपर्यंत लशीचं विचारत राहिली गं ती. आणि नाही झाली, हे सांगायला माझं तोंडच उघडेना."

मावशी तिच्याकडे वळली.

"लशीचं? अगं, तिला कुठलं कळतंय त्यातलं? तुझं काम झालं का, आता येतेस का, असं विचारायची ती. तू नाही म्हणालीस की मला सांगायची, ताईला अजून सुटी नाही. दर रविवारी आधी तुझ्या पलंगावरची चादर बदलायची, मगच फोन लावायची."

ताई उठून आपल्या खोलीत गेली. पलंगावरची चादर धुतलेली होती, घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. ती कडेला बसली आणि तिने चादरीवरून हात फिरवला.

"झालं गं, आई," ती म्हणाली. "आले मी."

आणि मग ती मोठमोठ्याने रडली.