न केलेल्या कामावरची खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला ओळखणारा प्रत्येक माणूस मला चोख समजतो — नेटका, शब्दाचा पक्का. त्या समजुतीखाली काय गाडलंय ते सांगायचं आहे.

आधी कामाचं सांगतो. सुरुवात तिथून केली की माझा हात चालतो.

कॉटन ग्रीनला गोदामांच्या रांगेमागे एक गॅरेज होतं. युद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेले ट्रक आणि जीपगाड्या तिथे येत. त्या घेणारे लोक जंगलाचे ठेकेदार, दगडखाणवाले, ज्यांच्या गाड्या डांबरावर थोड्या आणि दगडधोंड्यांत जास्त चालत. त्यांना गाडी आहे तशी नको असायची. कुणाला ती उंच करून हवी, कुणाला मोठी चाकं, कुणाला पुढे लोखंडी आडवा दांडा. मी तिथे देखरेखीला होतो. मेकॅनिक नव्हतो, माझ्या हाताला ग्रीस क्वचितच लागलं. माझ्याकडे वही होती.

वहीत प्रत्येक गाडीचं एक पान. कोणती कामं करायची ती एकाखाली एक, आणि काम झालं की समोर लाल पेन्सिलीची खूण. शेवटची पंधरा-वीस पानं मात्र वेगळी होती. गाडी सहा महिन्यांनी परत आली की मी मालकाला दोनच प्रश्न विचारायचो — केलंत त्यातलं काय करून पस्तावलात, आणि दुसऱ्याला काय करायला सांगाल? उत्तरं लिहून ठेवायचो. पेट्रोल वाचवायला पुढच्या चाकांचा शाफ्ट काढून टाकणारे पहिल्या चिखलातच पस्तावत. रुळाचा तुकडा बंपर म्हणून लावणारेही पस्तावत, कारण गाडीचं नाक खाली बसायचं. मोठ्या चाकांबद्दल मालक खूश असत आणि ड्रायव्हर खांदे चोळत येत, तेव्हा मी दोघांचंही लिहायचो. हवेची नळी टपापर्यंत वर न्यावी, हे सगळ्यांनी इतरांनाही करायला सांगितलं. नदी ओलांडताना इंजिन पाणी पीत नाही. पत्र्याऐवजी लाकडी हौदा, हेही सगळ्यांनी सांगितलं.

या पानांमुळे माझं नाव झालं. नाशिककडून, डहाणूकडून लोक नुसतं विचारायला यायचे, मास्तर, वही काय म्हणते? मी मास्तर कधीच नव्हतो, पण गॅरेजात सगळे तेच म्हणायचे. गणपत फिटर म्हणायचा, “मास्तरांच्या घरी वहिनीनं आमटीत मीठ घातलं की आधी खूण होते, मग पान वाढतात.” सगळे हसायचे. मीही हसायचो. मला ते आवडायचं — हेही लिहिलं पाहिजे.

त्या शेवटच्या पानांत एक ओळ होती, या प्रकरणाच्या दोन वर्षं आधी मीच लिहिलेली. गाडी उंच करायला स्प्रिंगच्या पाट्यांची संख्या वाढवली, तर ब्रेकचा रबरी पाइप लांब घालावा. जुना ठेवला तर चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा पाइप ताणतो आणि एक दिवस फाटतो. एक फाटला की तेल जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. एका खाणवाल्यानं हे सांगितलं होतं. त्याचं नशीब की तो सपाटीवर होता.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच दुसरं काही सुचायला नको.

आता बाबल. बाबल मालवणकडचा, लालबागेत चाळीत राहायचा. जव्हारकडे सागाचे ठेके घेणाऱ्या एका शेठचा ड्रायव्हर. चाळिशीचा, बुटका, हाताचा हलका. गाडी मागे घेताना आरशात न बघता नुसत्या कानांनी घ्यायचा. शेठच्या ट्रकला पुढे-मागे दोन-दोन पाटे वाढवायचे ठरले. पुढच्या दोन चाकांचे लांब पाइप आमच्याकडे होते, गणपतनं ते बसवले. मागचा मिळत नव्हता. तो मी लॅमिंग्टन रोडवरून आणवला. पाइप हातात आला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी हरताळ होता.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. सकाळी मोर्चा, दुपारी अश्रुधूर, संध्याकाळी कोण पकडलं गेलं याच्या बातम्या. गणपत हात धुता धुता म्हणाला, “पाइप येऊन लावतो, मास्तर.” मी मान हलवली. त्या ट्रकच्या पानावर अकरा कामं होती, दहांवर खुणा होत्या. मला उघडं पान ठेवून घरी जायला आवडत नसे. गणपत म्हणजे झालंच काम, असं मनाशी म्हणून मी अकरावी खूण केली.

एवढंच? — नाही. एवढंच असतं तर मी याला चूक म्हटलं असतं आणि तुम्हाला तसदी दिली नसती.

हरताळ एका दिवसाचा राहिला नाही. रस्त्यांवर दगड, दुकानं बंद. गणपत परळला मोर्चात पकडला गेला. चौथ्या दिवशी गॅरेज उघडलं आणि दहा वाजताच बाबल दारात हजर. शेठची माणसं जंगलात खोळंबली होती, आणि रस्ते त्या दिवशी मोकळे होते, उद्याचं कुणी सांगू शकत नव्हतं. नवा पाइप माझ्या टेबलामागच्या फळीवर होता, कागदात गुंडाळलेला. सकाळी कुलूप काढल्याबरोबर मी तो पाहिला होता.

दुसरा फिटर होता. पाइप बदलून ब्रेकमधली हवा काढायला तासभर लागला असता. बाबल तासभर थांबला असता. चहा प्यायला असता. मग मी का नाही सांगितलं? कारण तिथे चार माणसं उभी होती आणि वही टेबलावर उघडी होती. पाइप बसवा म्हटलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं — मास्तर, इथे तर खूण आहे. गणपतच्या विनोदांना जन्मभराचं खाद्य मिळालं असतं. एवढ्यासाठी.

बाबलनं सरळ विचारलं. “मास्तरांनू, मागलो पाइप बदललो मा?”

मी वही त्याच्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं. म्हणालो, “खूण आहे.”

बदलला, असं म्हणालो नाही. खूण होती, हे खरंच होतं. कितीतरी वर्षं मी त्या दोन शब्दांच्या आडोशाला उभा राहिलो आहे. खोटं बोललो नाही ना? — अहो, बोललोच. बोटानं बोललो.

“मगे झाला,” म्हणून बाबल हसला आणि गाडी घेऊन गेला.

मनात म्हटलं, पुढच्या खेपेला आला की गुपचूप बदलून घेऊ. आठव्या दिवशी साग भरलेला ट्रक उतारावर सुटला आणि ओढ्यात गेला. लाकडांवर दोन मजूर बसले होते. एक वाचला, एक जागेवर गेला. बाबलच्या गळ्याचं हाड मोडलं. तो एकच सांगत होता — पेडल दाबलं, पण खाली काही नव्हतं.

असं प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. गाडीचं पोट दगडांवर फाटलेलं. कोणता पाइप पडण्याआधी तुटला आणि कोणता पडताना, हे सांगणं कुणालाच शक्य नव्हतं. तपासाला अधिकारी आले. मालकांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, “मास्तर, वही आणा.”

मी आणली.

तिथे मला वेळ मिळाला होता, हे लक्षात घ्या. टेबलापासून आतल्या खोलीपर्यंत पंधरा पावलं. तोंड उघडायला पंधरा पावलं पुष्कळ होतात. अधिकाऱ्यानं पान पाहिलं, माझं वळणदार अक्षर पाहिलं, अकरा खुणा मोजल्या. म्हणाला, अशी वही सगळ्यांनी ठेवली तर आमचं निम्मं काम वाचेल. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

बाबलला चार महिन्यांची शिक्षा झाली, लायसन्स गेलं. झोप झाली नव्हती, उंच गाडीची सवय नव्हती, अंदाज चुकला — असं ठरलं. यातला उंच गाडीच्या सवयीचा मुद्दा मी पुरवला होता. कुणी न विचारता. एवढंच नव्हे, तर वहीच्या शेवटच्या पानांत मी तो लिहिलासुद्धा: गाडी उंच केल्यास ड्रायव्हरला आठवडाभर रिकामी चालवू द्यावी. पुढे कित्येकांनी माझा हा सल्ला मानला. आणि फळीवरचा तो पाइप? टाकून कसा देणार, चांगला होता. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका ट्रकला बसवला. मी स्वतः खाली वाकून पाहिलं आणि मगच खूण केली.

त्या वर्षी लालबागेत तुरुंगातून सुटून येणाऱ्यांना हार पडायचे. चाळीच्या तोंडाशी ताशा, गुलाल, बायका ओवाळायला उभ्या. ठाकूरद्वारला आमच्या वाडीतल्या अटक झालेल्यांची यादी माझ्याकडेच होती. कुणाला डबा, कुणाला औषध, कुणाच्या घरी निरोप — मी सगळं ठरल्या वेळी करायचो, लोक नावाजायचे. बाबलचं नाव त्या यादीत नव्हतं. तो वेगळ्या कारणानं आत होता. मी एकदाही गेलो नाही. तो सुटला त्या दिवशी त्याच्या चाळीत दुसऱ्या कुणाचं तरी स्वागत चाललं होतं. गर्दी ओसरेपर्यंत बाबल नाक्यावर इराण्याकडे बसून राहिला आणि मग घरी गेला. हे मला गणपतनं सांगितलं. गणपतलाही हार पडला होता. पाइप राहिला होता, हे त्याला आठवत होतं का? मला वाटतं, त्यानं धरून चाललं असावं की मास्तरांनी दुसऱ्याकडून करून घेतला. वहीत खूण होती ना.

बाबल पुन्हा स्टिअरिंगला बसला नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, मग कायम झाला. दर वर्षी सागाच्या हंगामानंतर तो जव्हारकडे जायचा, मेलेल्या मजुराच्या घरी. तांदूळ, लुगडं, पोरांना काहीतरी. त्या मजुराचं नाव मला माहीत नाही. मी सगळ्यांची नावं लिहून ठेवणारा माणूस. विचारलंच नाही.

गणपतीत मी बाबलकडे जात राहिलो. दर वर्षी, न चुकता. का जायचो? वाटायचं, आज सांगेन. खरं म्हणजे पाहायला जायचो, त्याला काही कळलंय का ते. एका वर्षी मोदक खाता खाता तो आपण होऊन बोलला. म्हणाला, “मास्तरांनू, मी लय इचार केलंय. तुमच्या वहीत खूण असा, म्हणजे पाइप बरोच होतो. तेवा माझोच पाय उशिरा पडलो असतलो.” इतकी वर्षं त्याला आठवत होतं की त्यानं वेळेवर दाबलं. पण माझ्या खुणेपुढे त्यानं स्वतःच्या पायावर विश्वास ठेवला नाही. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “होतं असं कधी कधी.” आणि दुसरा मोदक घेतला.

गेल्या वर्षी बाबल गेला. दिवसांना मी गेलो होतो. त्याची बायको म्हणाली, शेवटच्या तापातसुद्धा उजवा पाय हलवत होते. मी जेवून आलो.

मी आता पन्नाशी ओलांडली आहे. पाइप बदललेला नव्हता. बाबलनं ब्रेक वेळेवर दाबला होता. ती खूण माझी होती, आणि मला माहीत होतं — गाडी दारातून बाहेर पडली तेव्हाही माहीत होतं.

एवढं लिहून चार दिवस झाले. छापायला द्यायच्या आधी, काल हे कागद घेऊन लालबागला गेलो आणि बाबलच्या बायकोला वाचून दाखवले. सगळे. मजुराचं नाव माहीत नाही तिथे तिनं मला थांबवलं आणि नाव सांगितलं: लहानू. पुढे वाचा म्हणाली नाही, पण मी वाचलं. संपल्यावर ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “ह्या तेंका सांगूक व्हया होता.”

मी म्हटलं, हो.

तिनं सूप उचललं आणि आत गेली. मी थोडा वेळ तिथेच बसलो. कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा उठलो आणि जिना उतरलो.