पिशी पोळी

त्या वर्षी चैत्र सरता सरता सुगंधाबाईचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आलापल्लीला जंगल खात्याच्या बंगल्यावर ती स्वयंपाक करायची. नवरा तापात गेला तेव्हा आरमोरीकडचं गाव सोडून ती तान्ह्या पोरीला घेऊन इथं आली होती. साहेब लोकांच्या कोंबडी-अंड्याला आधी नाक मुरडत आणि मग न मुरडता तिनं पोरीला लहानाचं मोठं केलं. ती पोरगी, मंगली, पोंभुर्ण्याला दिलेली. आता तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण आईकडं व्हायचं, पण उन्हाचा एवढा प्रवास नको म्हणून सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं. बरं-वाईट काही असलं तर सांगावा धाडू म्हणाले. सांगावा येत नव्हता. भाजी चिरता चिरता सुगंधाबाई उठायची, फाटकापर्यंत जायची आणि परत यायची.

अशात बंगल्यावर इटलीचा एक साहेब उतरला होता. लाकडं चिरायच्या आरागिरणीत नवी यंत्रं बसत होती, ती बसवायला आलेला. अंगानं किडकिडीत, केसांचा रंग मक्याच्या तुऱ्यासारखा. हिंदी तोडकी-मोडकी बोलायचा आणि जेवताना ताटाकडं बघत बसायचा. एक दिवस त्यानं चौकीदार मुखरूला हाताशी धरलं आणि सुगंधाबाईला सांगितलं की त्याला त्याच्या गावची एक पोळी करून हवी. जाड पोळी, वर ताजं चीज आणि अंजिरं. नाव सांगितलं ते मुखरूला ‘पिसा’ असं ऐकू आलं.

“पिशी पोळी म्हणते साहेब,” मुखरू हसत म्हणाला. “वेडीपिशी.”

खायला नको होती म्हणे, फोटो काढायला हवी होती. साहेबाची म्हातारी आई गावी एकटी होती. जंगलात पोरगा उपाशी मरतो या काळजीनं ती अर्धी झाली होती. घरची पोळी फोटोत दिसली म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल, असा साहेबाचा हिशेब.

सुगंधाबाईनं पीठ ताडीत भिजवून ठेवलं, ते सकाळपर्यंत फुगून वर आलं. अंजिरं इथं कुठली? तिनं उंबरं फोडून पाहिली, तर आत चिलटं. तेव्हा तेंदूची पिकली फळं, टेंभरं घेतली, बिया काढून गर ठेवला. राहिलं चीज. साहेबानं हातवारे करून सांगितलं की दूध फाडायचं आणि पाणी पिळून टाकायचं. तिथं मात्र तिचा हात अडला. गाई राखणाऱ्या गोवाऱ्याकडचं ताजं दूध चुलीवर उतू जायला आलं होतं, लिंबू तिच्या मुठीत होतं, आणि तिकडं पोरगी बाळंतपणाला बसलेली. अशा वेळी चांगलं दूध हातानं नासवायचं? तिनं लिंबू मुखरूच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून उभी राहिली.

“तू पिळ भाऊ. माह्या हातानं नाई होत.”

मुखरूनं पिळलं. पोळी खापरावर ठेवली, वर दुसरं खापर उपडं घातलं आणि त्यावर निखारे पसरले. पहिली पोळी चांगली झाली होती. साहेबानं ती व्हरांड्यातल्या सागवानी टेबलावर मांडली आणि कॅमेरा आणायला तो आत गेला. तेवढ्यात छपरावरून वानर उतरलं, पोळी उचलली आणि आंब्यावर जाऊन बसलं. टेंभरं वेचून खाल्ली, बाकीची खाली फेकली.

मुखरूला हसू आवरेना. सुगंधाबाई मात्र पायरीवर मटकन बसली आणि पदर तोंडाला लावला. साहेबाला वाटलं, कष्ट वाया गेले म्हणून रडते. तो तिची समजूत घालू लागला की राहू दे, पोळी नको. मग मुखरूनं त्याला खरं कारण सांगितलं, मंगलीचं आणि फाडलेल्या दुधाचं. साहेब तिच्याशेजारी पायरीवर बसला. त्यालाही आईला भेटून वर्षं लोटली होती. यंत्र बसल्याशिवाय त्याला सुटका नव्हती.

सुगंधाबाई डोळे पुसून उठली. राहिलेल्या पिठाची, चीज-टेंभरांची दुसरी पोळी तिनं न सांगताच थापली. कशाला थापली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. हात रिकामे ठेवणं होत नव्हतं, एवढं खरं. या खेपेला पोळी भाजून होताच ती काठी घेऊन टेबलाशी उभी राहिली.

साहेब फोटोच्या मागे लागला. ताट उजेडात सरकवलं, सावलीत आणलं, कडेला पानं ठेवली, काढून टाकली. कॅमेरा पोटाशी धरून तो वरून त्यात वाकून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा ताट फिरवायचा. पोळी निवत चालली. सुगंधाबाईचा जीव वर-खाली होऊ लागला. शेवटी तिनं काठी भिंतीला टेकवली.

“साहेब, पोळी पाहून मायचं मन भरते का? तिले तुमी दिसाले पायजे. खाता खाता दिसाले पायजे.”

मुखरूनं ते हिंदीत सांगितलं. साहेबानं ताट फिरवायचं सोडलं. मग कॅमेरा त्यानं मुखरूपुढं केला. मुखरू दोन पावलं मागं सरला, महागाची वस्तू हातून पडली तर? सुगंधाबाईनं लुगड्याला हात पुसले आणि कॅमेरा घेतला. वरच्या काचेत पाहिलं तर आत इवलासा साहेब, आणि ती डावीकडं वळली की तो भलतीकडंच पळायचा. तिनं श्वास रोखला. साहेबानं मोठा घास तोडला, चीज हनुवटीवर ओघळलं, गाल फुगले. मंगली लहानपणी चुलीपुढं बसून असाच तोबरा भरायची. सुगंधाबाईनं खटका दाबला.

कॅमेरा टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मुखरूभाऊ, मी चालली पोंभुर्ण्याले.”

मुखरू घाबरला. दुसऱ्या दिवशी यंत्रं बघायला नागपूरहून मोठे साहेब जेवायला यायचे होते. आचारीण नाही म्हटल्यावर नोकरी जाईल, उद्या संध्याकाळी जा, असं तो परोपरीनं सांगू लागला. ती लुगडं गाठोड्यात बांधत होती.

“कोणी काही सांगून नाई राह्यलं म्हणून मी किती बसू?”

लाकडाचा ट्रक बल्लारशाला निघत होता. ड्रायव्हरला साहेबानंच जाऊन सांगितलं आणि ती पुढं बसली. आष्टीला नदी ओलांडली. प्रत्येक वळणावर ट्रक थांबतो की काय असं तिला होई. ड्रायव्हर चहाला उतरला तर तीही उतरली आणि त्याचा चहा संपेस्तोवर ट्रकभोवती फेऱ्या घालत राहिली. गोंडपिपरीहून पुढं एका बैलबंडीवाल्यानं घेतलं.

मंगली अंगणात सुपाशेजारी बसली होती. सुपात मुलगी, डोळे मिटून, मूठ तोंडात. जन्मून आठवडा होऊन गेला होता. सांगावा आठवडी बाजारात आलेल्या कुणा आलापल्लीवाल्यापाशी दिला होता, तो वाटेत लग्नाला थांबला असावा. सुगंधाबाईनं आधी जावयाला, मग विहिणीला, मग मंगलीलाही फैलावर घेतलं. बोलता बोलता बाळाला उचललं आणि बोलणं अर्धं सोडून त्याची इवली बोटं मोजू लागली.

बंगल्यावर तिच्या जागी दुसरा माणूस लागला. पावसाळा, दिवाळी तिनं लेकीच्या घरीच काढली. माघात मुखरू एका सोयरिकीला पोंभुर्ण्याला आला, तेव्हा त्यानं फोटो आणला. साहेब आपल्या देशी परतला होता. जाताना एक आईसाठी नेला, एक हिच्यासाठी ठेवला. फोटो तिरपा होता. एका कोपऱ्यात सुगंधाबाईच्या बोटाची काळी सावली. पोळी म्हणजे नुसता पांढरा डाग. पण साहेब भरल्या तोंडानं हसत होता.

सुगंधाबाईनं तो नातीपुढं धरला, तिनं कोपरा चावला. मग सुगंधाबाईनं मुखरूला विचारलं, आरागिरणीजवळ चहा-भजीचं कोणी दुकान टाकलं का? मुखरू नाही म्हणाला. “मंग मीच टाकीन.” सकाळी ती त्याच्यासोबत फाट्यावर ट्रकची वाट बघत उभी होती. मंगली रुसली होती. तिची समजूत पुढच्या खेपेला काढू, असं तिनं मुखरूला सांगितलं.